पैशाची पत्रपेटी : क्रिप्टोचा पत्ता आणि दोन शिरोडे

टपाल खात्यात मी ३१ वर्षे काढली. त्यातली निम्म्याहून जास्त सॉर्टिंगच्या टेबलावर गेली. पत्ता चुकला की काय काय होतं, ते मी तिथे रोज पाहिलं. त्यामुळे या महिन्यात पेटीत क्रिप्टोच्या पत्त्यांबद्दल एवढी पत्रं आली, तेव्हा संपादकांना म्हटलं की या वेळची पानं त्यालाच देऊ या. क्रिप्टो घ्या किंवा घेऊ नका, असं मी सांगणार नाही. माझ्या पेन्शनमधला एक रुपयाही त्यात नाही. पण माझ्या बहिणीच्या मुलाचे पैसे त्यात गेले, आणि गेले तेव्हा मी त्याच्या शेजारी बसले होते. त्यानंतर हा विषय मी वही घेऊन शिकले. ज्यांच्याकडे क्रिप्टो आहे, त्यांचं तसं नुकसान होऊ नये, एवढ्यासाठी ही उत्तरं.

प्रश्न : माझे यजमान बोटीवर असतात. त्यांनी थोडी रक्कम यूएसडीटीमध्ये ठेवली आहे आणि ती माझ्या मोबाइलमधल्या वॉलेटवर पाठवतो म्हणाले. मी पत्ता कॉपी करून पाठवला, तर विचारतात, "हा कुठल्या नेटवर्कचा?" पत्ता तो पत्ता, त्यात नेटवर्क कसलं?
*एक वाचक, काणकोण*

ताई, तुमच्या यजमानांनी नेमका प्रश्न विचारला. तो न विचारता पाठवणारेच जास्त असतात.

आपल्या फोंडा तालुक्यात शिरोडा आहे. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून पुढे गेलात की वेंगुर्ले तालुक्यातही एक शिरोडा आहे. नुसतं "देवळाजवळ, शिरोडा" लिहिलेलं पाकीट टेबलावर आलं की आमचा हात थांबायचा. मग पिन कोड बघायचा. ४०३ ने सुरू झाला तर आपला, ४१६ ने झाला तर सिंधुदुर्गातला. एका नावाची अनेक गावं ही देशभरची अडचण होती. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला, तो ती सोडवण्यासाठीच. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले कोकणातले, आणि संस्कृतातले कवीही. पत्र योग्य शिरोड्याला गेलं की मला त्यांची आठवण यायची.

नेटवर्कचं तसंच आहे. यूएसडीटी हे टेथर कंपनीचं, डॉलरच्या भावाशी बांधलेलं नाणं. ते एकाच नेटवर्कवर राहत नाही. इथेरियमवर आहे, ट्रॉनवर आहे, सोलानावर आहे, आणखीही काही ठिकाणी आहे. नाव सगळीकडे एकच, पण प्रत्येक ठिकाणची हिशेबाची वही वेगळी. पाठवणाऱ्याने ट्रॉनच्या वहीत लिहायला सांगितलं आणि घेणारी इथेरियमच्या वहीत बघत बसली, तर तिला काहीच दिसणार नाही.

पत्त्याच्या सुरुवातीवरून बराच अंदाज येतो. ट्रॉनचा पत्ता टी या अक्षराने सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा असतो. इथेरियमचा शून्य आणि एक्स यांनी सुरू होतो. पुढे ४० चिन्हं, एकूण ४२. बिटकॉइनचा १ ने, ३ ने किंवा बीसी१ ने. ट्रॉनच्या पत्त्यावर इथेरियमचं काही पाठवायला गेलात तर चांगलं वॉलेट तिथेच अडवतं, कारण साचाच जुळत नाही.

खरा घोटाळा शून्य-एक्सवाल्या पत्त्यांचा. इथेरियम, पॉलिगॉन, बीएनबी चेन, आर्बिट्रम या सगळ्यांचा साचा एकच आहे. तुमचा तोच पत्ता या सगळ्या गावांत चालतो. यजमानांनी चुकून पॉलिगॉनवरून पाठवलं आणि वॉलेट तुमचं स्वतःचं असेल, म्हणजे वॉलेट काढताना मिळालेले, त्याची किल्ली असलेले गुप्त शब्द (बहुधा १२) तुमच्याकडे असतील, तर घाबरू नका. वॉलेटमध्ये पॉलिगॉन नेटवर्क जोडलं की रक्कम दिसते, कारण दुसऱ्या शिरोड्यातल्या घरालाही तुमचीच किल्ली लागते. पण तो पत्ता एखाद्या एक्स्चेंजने, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीने, दिलेला असेल, तर किल्ली त्यांच्याकडे. त्यांनी ते नेटवर्क स्वीकारलेलं नसेल, तर पैसे काढून द्यायचे की नाही हे त्यांच्या हातात राहतं, आणि पुष्कळदा ते नाही म्हणतात.

काही नाण्यांना पत्त्याबरोबर टॅग किंवा मेमो म्हणून एक आकडा लागतो. एक्सआरपीचं उदाहरण घ्या. एक्स्चेंजमध्ये सगळ्या गिऱ्हाइकांचा पत्ता एकच असतो आणि रक्कम कुणाची हे त्या आकड्यावरून कळतं. पोस्ट बॉक्स नंबर न लिहिता पाकीट पोस्टाच्या नावाने टाकलं, तर ते पोस्टात पोचतं आणि तिथेच पडून राहतं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. वॉलेटमध्ये "रिसीव्ह" दाबा. आधी नाणं निवडा, मग नेटवर्क. पत्ता कॉपी करून पाठवा आणि त्याखाली नेटवर्कचं नाव स्वतः टाइप करा. यजमानांनी आधी फक्त ५ डॉलर पाठवावेत. ते आले की दोघांनी फोनवर बोलून पत्त्याची अक्षरं वाचावीत, एकाने वाचायची, दुसऱ्याने तपासायची. मग उरलेली रक्कम. आणि एक गोष्ट आधीच विचारून ठेवा. ट्रॉनवर आलेलं यूएसडीटी पुढे हलवायचं तर फीसाठी वॉलेटमध्ये थोडं टीआरएक्स, म्हणजे ट्रॉनचं स्वतःचं नाणं, लागतं. ते नसेल तर पैसे दिसतात, पण काढता येत नाहीत, आणि घाबरून माणूस कुणाचीही "मदत" घेतो.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. बोटीवरचा पगार, ज्यावर घर चालतं, मुलांची फी जाते, तो एनआरई खात्यात बँकेतूनच येऊ द्या. तिथे चूक झाली तर दाद मागायला काउंटर आहे.

प्रश्न : मी पत्ता कधीच हाताने टाइप करत नाही, कॉपी-पेस्ट करतो. शिवाय पत्त्यात एक अक्षर चुकलं तर वॉलेट ओळखतं असं वाचलं. मग पुन्हा पुन्हा तपासायची गरज काय?
*एक वाचक, वाळपई*

तुमचं वाचन बरोबर आहे, आणि त्यातला हा भाग मला मनापासून आवडतो. आमच्याकडे पोर्तुगीज शाळेत शिकलेली जुनी माणसं ७ च्या कमरेत आडवी रेघ मारायची आणि १ ला डोक्यापासून खाली लांब शेपूट काढायची. नव्या कारकुनाला तो १ हमखास ७ वाटायचा. बिटकॉइनचा पत्ता ज्याने आखला, त्याला हे दुखणं ठाऊक होतं. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांत शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि लहान एल ही चारही चिन्हं वापरतच नाहीत, कारण ती एकमेकांसारखी दिसतात. ६२ मधून ४ गेली, उरली ५८. त्याच ५८ चिन्हांत सगळा पत्ता लिहिला जातो.

शिवाय पत्त्याच्या पोटात एक पडताळणीचा भाग असतो, त्याला चेकसम म्हणतात. मधलं एखादं अक्षर बदललं की हिशेब जुळत नाही आणि वॉलेट पत्ता नाकारतं. जुन्या पद्धतीच्या पत्त्यात अशी चूक निसटण्याची शक्यता साधारण ४२९ कोटींत एक. बीसी१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांत तर चार अक्षरांपर्यंतची चूक नक्की पकडली जाते. इथेरियमच्या पत्त्यात काही अक्षरं मोठी आणि काही लहान दिसतात, तीही उगीच नसतात. २०१६ पासून त्या मोठ्या-लहानपणातच पडताळणी लपवलेली आहे. म्हणून इथेरियमचा पत्ता सगळा लहान अक्षरांत करून कुणाला पाठवू नका. ती पडताळणी तुम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकता. सोलानाच्या पत्त्यात अशी पडताळणी नाही, हेही लक्षात ठेवा.

पण चेकसम फक्त एवढंच सांगतो की पत्ता नीट लिहिलेला आहे. तो कुणाचा, हे त्याला माहीत नसतं. चोराचा पत्तासुद्धा शुद्धच असतो.

माझ्या भाच्याचं तेच झालं. चवथीच्या आधीचा आठवडा होता. साखळीला त्यांच्या बल्कावात बसून मी गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं दोऱ्याला बांधत होते आणि तो शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. एक्स्चेंजवरून आपल्या फोनमधल्या वॉलेटवर रक्कम हलवत होता, ६२ हजारांची, दोन वर्षांची बचत. फोनवरून पत्ता स्वतःला मेल केला, लॅपटॉपवर उघडला, कॉपी केला, पेस्ट केला. माझी नजर दोन्हीकडे गेली. फोनवरच्या पत्त्याच्या शेवटी ९ होता. लॅपटॉपच्या चौकटीत शेवटचं अक्षर डी होतं. मला वाटलं, चौकट लहान आहे, पुढचं दिसत नसेल. मी विचारलं नाही. त्याने बटण दाबलं.

त्या लॅपटॉपवर त्याने व्हिडिओ कापायचं एक फुकटचं, चोरीचं सॉफ्टवेअर घातलं होतं. त्यातून एक विषाणू आला होता. हा विषाणू एरवी काहीच करत नाही. तुम्ही क्रिप्टोचा पत्ता कॉपी केला की तो ओळखतो आणि पेस्ट व्हायच्या आत त्याच साच्यातला आपला पत्ता ठेवतो. याला क्लिपर म्हणतात. फोनही यातून सुटलेले नाहीत. २०१९ च्या फेब्रुवारीत ईसेट कंपनीच्या संशोधकांना गूगल प्ले स्टोअरवरच असा क्लिपर सापडला होता. तो मेटामास्क या प्रसिद्ध वॉलेटचं नाव लावून बसला होता.

म्हणून पेस्ट केल्यानंतर वाचायचं, आधी वाचून उपयोग नाही. मी भाच्याला लावलेली सवय सांगते. रजिस्टर पत्रांचे नंबर आम्ही ज्या तऱ्हेने जुळवायचो तीच. एका पट्टीने पडदा झाकायचा आणि चार चार अक्षरं उघडी करत जायची, फोनवर चार, लॅपटॉपवर तीच चार. ४२ चिन्हांच्या पत्त्याला अकरा घास लागतात. अर्धा मिनिटही जात नाही. क्यूआर कोडने स्कॅन केलंत तरी वाचा, कारण कोडमध्ये काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. बाजारात पैसे घेणाऱ्याच्या यूपीआय कोडवर दुसऱ्याचा कोड चिकटवल्याचे प्रकार आपण ऐकतो, क्रिप्टोच्या कोडवरही तो चिकटवता येतो.

प्रश्न : मावशी, माझं म्हापशाला दुकान आहे. एका परदेशी गिऱ्हाइकाशी माझे यूएसडीटीमध्ये दोन-तीन व्यवहार झाले. परवा वॉलेटच्या यादीत त्याच्याच पत्त्यावर शून्य रक्कम गेल्याची नोंद दिसली. मी काही पाठवलं नव्हतं. माझा पासवर्ड फुटला का?
*एक दुकानदार, म्हापसा*

पासवर्ड फुटलेला नाही, पण तुमच्यासाठी सापळा लावला आहे. आणि पुन्हा बघा, तो पत्ता तुमच्या गिऱ्हाइकाचा नाही.

वॉलेटमध्ये पत्ता पूर्ण दिसत नाही. सुरुवातीची चार-सहा चिन्हं, मग टिंबं, मग शेवटची चार. समजा तुमच्या गिऱ्हाइकाचा पत्ता ०एक्स७ए३सी ने सुरू होतो आणि ई९डी४ ने संपतो. चोर काय करतो, तर संगणकाला लाखो-कोट्यवधी किल्ल्या बनवायला लावतो, जोपर्यंत एखाद्या किल्लीचा पत्ता ०एक्स७ए३सी ने सुरू होऊन ई९डी४ ने संपत नाही तोपर्यंत. मधली सगळी अक्षरं वेगळी, पण ती तुम्हाला दिसतच नाहीत. मग त्या पत्त्यावरून तुम्हाला चिमूटभर नाणं पाठवतो. किंवा तुमच्या बाबतीत झालं तसं, तुमच्या पत्त्यावरून त्या पत्त्यावर शून्य रक्कम गेल्याची नोंद घडवून आणतो. काही टोकनांच्या, म्हणजे यूएसडीटीसारख्या नाण्यांच्या, व्यवस्थेत शून्य रकमेची नोंद तुमच्या संमतीशिवाय कुणालाही करता येते. शून्य जात असल्याने तुमचं नुकसान होत नाही, पण यादीत ती तुम्हीच पाठवल्यासारखी दिसते.

आता पुढच्या महिन्यात तुम्ही घाईत असता. दुकानात गिऱ्हाईक उभं आहे. पत्ता कुठून घ्यायचा? यादीतला वरचा. आणि वर चोराचा पत्ता बसलेला असतो.

इंग्रजीत याला ॲड्रेस पॉयझनिंग म्हणतात. मे २०२४ मध्ये एकाने अशाच सारख्या दिसणाऱ्या पत्त्यावर १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं, बिटकॉइनच्या भावाचं नाणं) पाठवले, जवळजवळ ७ कोटी डॉलर. त्याच्याशी वाटाघाटी झाल्यावर चोराने बहुतेक रक्कम परत केली. एवढी मोठी रक्कम होती आणि सगळ्या जगाचं लक्ष होतं, म्हणून तसं झालं. म्हापशाच्या दुकानदाराचे २० हजार गेले तर त्याच्याशी कुणी वाटाघाटी करणार नाही.

यादीतून पत्ता उचलणं आजपासून बंद करा. वॉलेटमध्ये ॲड्रेस बुक असतं, त्यात गिऱ्हाइकाचा पत्ता त्याच्याकडून नव्याने मागवून, पट्टीने जुळवून, नावासकट घालून ठेवा आणि पाठवताना तिथूनच घ्या. तपासताना मधली अक्षरं तपासा. लोक सुरुवात आणि शेवट बघतात हे चोराला पाठ आहे. त्या शून्य नोंदीला हात लावू नका, ती कुठून आली ते बघायला कुठल्या लिंकवर जाऊ नका. ती तिथे पडून राहिली तर काही बिघडत नाही.

प्रश्न : माझ्या बिटकॉइन वॉलेटमध्ये दर वेळी नवीन पत्ता दिसतो. जुना पत्ता मित्राला दिला होता. त्याने त्यावर पाठवलं तर पैसे हरवतील का?
*एक विद्यार्थी, फोंडा*

नाही रे, हरवणार नाहीत. एकाच मूळ किल्लीपासून वॉलेट कितीही पत्ते तयार करू शकतं आणि त्यातले सगळे तुझेच राहतात. नवा पत्ता देतं ते तुझ्या खाजगीपणासाठी. बिटकॉइनची वही उघडी आहे. १२ जानेवारी २००९ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने वावरणाऱ्या निर्मात्याने संगणकतज्ज्ञ हॅल फिनी यांना १० बिटकॉइन पाठवले, ती नोंद आजही कुणालाही बघता येते. तसाच तुझा पत्ता ज्याला कळला, त्याला त्या पत्त्यावर आलं किती, गेलं किती, सगळं दिसतं. तू इन्स्टाग्रामवर पत्ता टाकलास तर पासबुक उघडं करून दारात टांगल्यासारखं आहे. पत्ता सांगितल्याने चोरी होत नाही, पण चोराला कोणाच्या मागे लागायचं ते कळतं.

एक्स्चेंजने दिलेला जमा करायचा पत्ता मात्र बदललेला किंवा बंद केलेला असू शकतो. तिथे दर वेळी ॲप उघडून चालू पत्ता बघून घे.

प्रश्न : "तुमचा पत्ता व्हेरिफाय करायचा आहे, १२ शब्द सांगा," असा फोन आला. फार अदबीने बोलत होता. सांगावेत का?
*एक निवृत्त शिक्षिका, डिचोली*

बाई, सांगितले नसतील तर कुणालाही, कधीही सांगू नका. सांगितले असतील तर हे वाचणं इथेच थांबवा आणि कुणाला तरी सोबत घेऊन, नवीन वॉलेट काढून, सगळी रक्कम आत्ता तिकडे हलवा.

पत्ता हा घराचा नंबर आहे, तो सांगायचाच असतो. ते १२ शब्द म्हणजे घर. ज्याच्याकडे ते आहेत तो मालक. पत्ता तपासायला १२ शब्द कधीच लागत नाहीत, पत्ता तर सगळ्या जगाला दिसतो. मदत केंद्रवाला असो, पोलीस म्हणवणारा असो, नाहीतर ॲपमध्ये अचानक आलेली चौकट असो, जो शब्द मागतो तो चोर. याला अपवाद एकच, तुम्ही स्वतःहून आपलं वॉलेट दुसऱ्या फोनवर पुन्हा उघडता तेव्हाचा.

प्रश्न : माझ्याकडून चुकीच्या पत्त्यावर पैसे गेले. एकजण टेलिग्रामवर भेटला, १० टक्के घेऊन परत मिळवून देतो म्हणतो.
*एक वाचक, मडगाव*

त्याला काहीही देऊ नका. नोंद झालेला व्यवहार कुणालाही उलटवता येत नाही, त्यालाही नाही. तो तुमचे आणखी पैसे घेईल, एवढंच होईल.

आमच्याकडे चुकलेल्या पाकिटावर शिक्का मारून ते पाठवणाऱ्याकडे परत धाडायची सोय होती. इथे ती नाही. इथेरियमच्या पत्त्यांच्या शक्यता मोजायला ४९ आकडी संख्या लागते. चुकून तयार झालेल्या पत्त्यावर गेलं असेल तर बहुधा त्या घराला किल्लीच नाही, आणि ते पैसे तिथेच राहणार. ओळखीच्या माणसाच्या दुसऱ्या पत्त्यावर गेलं असेल तर त्याला विनंती करा. एक्स्चेंजच्या पत्त्यावर गेलं असेल तर त्यांच्या अधिकृत ॲपमधूनच तक्रार करा.

चोराने नेलं असेल तर मात्र वेळ घालवू नका. १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. आपल्या गोव्याचं सायबर पोलीस ठाणं रायबंदरला आहे. जाताना व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्या नोंदीचा लांबलचक क्रमांक, दोन्ही पत्ते, तारीख-वेळ आणि नेटवर्कचं नाव छापून न्या. माझ्या भाच्याने "इतकेच गेले" म्हणून आठ दिवस घालवले, आणि तेवढ्यात ती रक्कम पाच पत्त्यांतून फिरून गेली. चोराने पैसे एखाद्या एक्स्चेंजमध्ये नेले तर पोलिसांच्या पत्रावर ते खातं गोठवता येतं. यूएसडीटीच्या बाबतीत टेथर कंपनीला पत्ता गोठवता येतो. पण हे सगळं पैसे बाहेर निघायच्या आत व्हावं लागतं.

प्रश्न : एक्स्चेंजवरून माझ्याच वॉलेटवर हलवलं तर ३० टक्के कर लागेल का?
*एक वाचक, पणजी*

विकलं नाही, तर नफा नाही, आणि नफा नाही तर त्यावरचा कर नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस आहे. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या वेळी १ टक्का टीडीएस कापला जातो. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. पण तो दुसरा पत्ता तुमचाच होता हे पुढे दाखवता आलं पाहिजे. म्हणून एक वही करा: तारीख, नाणं, नेटवर्क, कुठून, कुठे, हॅश. वापरताय ते एक्स्चेंज केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेलं आहे ना, तेही बघून घ्या. मार्च २०२३ पासून हे व्यवसाय मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले आहेत.

प्रश्न : वय ७१. मुलाने घेऊन दिलेलं थोडं बिटकॉइन माझ्या वॉलेटमध्ये आहे. ते १२ शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवलेत. पत्नीला यातलं काही ठाऊक नाही. माझ्यामागे काय होईल?
*एक वाचक, पेडणे*

काका, आधी दोन गोष्टी. हे बिटकॉइन एकट्या तुमचं असेलच असं नाही. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात. मुलाने दिलेल्या वस्तूचं नेमकं काय, ते नोटरीला विचारा. पण काकूंना सांगायला मात्र नोटरीची वाट बघू नका. आज जेवायला बसाल तेव्हाच सांगा. दुसरी गोष्ट, बँकेत वारसाला मृत्यूचा दाखला दाखवून दाद मागता येते. इथे शब्द नसतील तर कुठलंही कोर्ट ते पैसे काढून देऊ शकत नाही.

आता तो कागद. आपल्याकडे जूनपासून चार महिने कपाटातल्या साडीला बुरशी येते, शाईच्या अक्षरांचं काय होत असेल? कपाट उघडून आज बघा. मी एका शेजाऱ्यांकडे असा कागद पाहिला. तिसरा आणि सातवा शब्द निळा डाग होऊन गेले होते. नशिबाने त्यांचं वॉलेट फोनवर अजून चालू होतं, म्हणून शब्द पुन्हा बघून लिहिता आले.

हे शब्द २,०४८ ठरलेल्या इंग्रजी शब्दांच्या यादीतले असतात. त्या यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं इतर कुठल्याही शब्दाशी जुळत नाहीत, म्हणून निदान तेवढी चार अक्षरं तरी कायम वाचता आली पाहिजेत. शब्दांचा क्रम बदलू नका, प्रत्येकाच्या आधी आकडा घाला. पेन्सिलने लिहिलेलं ओलाव्यात शाईपेक्षा जास्त टिकतं. त्याहून बरं म्हणजे स्टीलची पट्टी. भांड्यांच्या दुकानात नावं घालून देतात, तसं करून घ्यावंसं वाटेल, पण ती दुकानातून घालून घेऊ नका, कारण घालणारा शब्द वाचेल. हार्डवेअरच्या दुकानात अक्षरांच्या ठशांचा संच मिळतो, तो आणून घरीच हातोड्याने उठवा. फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवू नका. दोन पट्ट्या करा, एक घरी आणि एक दुसऱ्या घरात, जिथे तुमच्या दस्तऐवजांची पेटी असेल तिथे.

पट्टी झाली की एकदा तपासून घ्या. मुलगा चवथीला येईल तेव्हा त्याच्या समोर, दुसऱ्या फोनवर ते १२ शब्द पट्टीवरून वाचून वॉलेट उघडा. पहिला पत्ता जुन्या फोनवरच्या पहिल्या पत्त्याशी साधी मोजपट्टी ठेवून चार चार अक्षरांनी जुळवा. जुळला की दुसऱ्या फोनवरून ते वॉलेट काढून टाका. काकूंना शेजारी बसवा, आणि शब्द त्यांनाच वाचू द्या.